लोगोंची पाळी

पंकजाच्या संकेतस्थळावर अठ्ठावीस चित्रं होती. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस विहिरींची. विहिरी मात्र सतराच, कारण त्यातल्या अकरा तिने दोनदा रंगवल्या होत्या, एकदा पाणी असताना आणि एकदा नसताना. त्याशिवाय तिचा एक फोटो, तिच्याबद्दल नऊ ओळी, आणि अगदी तळाशी एक आडवी पट्टी. पट्टीत तीन गोल लोगो. पहिला दाबला की ती जिथे फोटो टाकायची ते पान उघडायचं, दुसरा दाबला की तिचे व्हिडिओ, आणि तिसरा दाबला की पुण्यातल्या एका कलादालनाचं संकेतस्थळ. तिन्ही लोगो तिने दहा-दहा वेळा दाबून पाहिले होते. तीसपैकी तीस वेळा ते योग्य जागी गेले.

तिसऱ्या लोगोत तिचा जीव अडकला होता. दालनाने कळवलं होतं की अर्जदाराने आपल्या संकेतस्थळावर दालनाचा लोगो दुव्यासकट लावावा, आणि निवड समिती रविवारी सकाळी अकरा वाजता ते संकेतस्थळ पाहील. निवड झाली तर दालनाची मोठी भिंत आठ दिवस पंकजाची. ही भिंत तिशीच्या आतल्या चित्रकारांसाठी राखलेली. पंकजाने तीनदा अर्ज केला होता, तीनदा नकार आला होता, आणि जानेवारीत ती तीस वर्षांची होणार होती. म्हणजे हा शेवटचा अर्ज.

एरवी ती नागापूरच्या एका कारखान्यात नोकरीला होती. लोखंडी सुट्या भागांवर रंगाचा थर किती जाड बसला, ते यंत्राने मोजायचं हे तिचं काम. संकेतस्थळासाठी तिने चार दिवसांची रजा काढली होती आणि जामखेडजवळच्या आपल्या गावी येऊन बसली होती. गुरुवारी संध्याकाळी तिने कौतुकाने लॅपटॉप तात्यांच्या पुढे ठेवला. सगळं तिथून सुरू झालं.

तात्या म्हणजे तिचे थोरले चुलते, गहिनीनाथ. गावच्या दूध संस्थेचे माजी चेअरमन. संस्था बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण 'माजी' हे पद असं आहे की ते कोणाला काढून घेता येत नाही.

तात्यांनी अठ्ठावीस चित्रं एका दमात वर सरकवली आणि थेट पट्टीवर येऊन थांबले. त्यांच्या दृष्टीने ते रीतसरच होतं. चौकातला फ्लेक्स गावातलं कोणीही खालून वरच वाचतं. वर ज्याचा वाढदिवस आहे तो असतो, आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊकच असतं. बघायचं असतं ते खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत. कोण आहे, कोण नाही, आणि कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं छापलं आहे.

"हे तिघं कोन?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, ते लोगो आहेत."

"कुनाचे?"

"दोन मोबाईलवरचे. एक पुण्याच्या दालनाचा."

"म्हंजे शुभेच्छुक."

"शुभेच्छुक नाही हो! दाबलं की तिकडं जाता येतं."

"तिकडं जाऊन काय करायचं? चित्र आपल्या हिरीचं, आन खाली आपलं कुनीच न्हाई. तिन्हीच्या तिन्ही बाहेरगावचे. मानसं इचारतील, तुमच्या घरात काय वाकडं आलंय का म्हून."

पंकजाने शांतपणे समजावून सांगितलं. दुवा म्हणजे काय, तो कशाला लावतात, फ्लेक्स आणि संकेतस्थळ यांत फरक काय. समजावण्यासाठी तिने कागदावर बाणसुद्धा काढले. तात्यांनी सगळं मन लावून ऐकलं, बाणांवर बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

"समजलं," ते म्हणाले. "मग माझा कुठं बसवतीस?"

एका लोगोने काही बिघडणार नाही, असा पंकजाने हिशेब केला. दूध संस्थेच्या जुन्या शिक्क्यावर एक गाय होती, ती तिने गोलात बसवली. पण लोगो दाबल्यावर जायचं कुठे? संस्थेला संकेतस्थळ नव्हतं. संस्थेला आता संस्थाही नव्हती. शेवटी तिने असं केलं की गाय दाबली की तात्यांना फोन लागेल. तात्यांनी लगेच आपल्याच मोबाईलवर संकेतस्थळ उघडून गाय दाबली आणि मोबाईल कानाला लावला.

"एंगेज हाय," त्यांचे डोळे चमकले. "बघ! आत्ता लावला न्हाई तर लोकं फोन करायला लागली."

शुक्रवारी सकाळी पंकजा दात घासत असतानाच भीमा अंगणात उभा राहिला. भीमाची पिठाची गिरणी होती, त्यामुळे तो कुठेही गेला तरी थोडं पीठ सोबत जायचं. तात्यांनी चहाच्या हॉटेलात गाय सगळ्यांना दाखवली होती, हे त्याच्याकडून कळलं.

"चौथं चित्र माझ्या हिरीचं हाय ना?" त्याने विचारलं.

"कशावरून, भीमाभाऊ?"

"फुटक्या पायरीवरून. माझ्या बापानं बसवलेली पायरी हाय ती. हिर माझी, पायरी माझी, आन खाली गाय तात्याची? हा कुठला न्याय?"

"भाऊ, ती चित्राची मालकी नाही. तो फक्त..."

"मग माझी हिर काढ त्यातनं."

पंकजाचा ब्रश तोंडातच राहिला. भीमाच्या मागोमाग राहीबाई आल्या. त्या बचत गटाच्या अध्यक्ष. गट पापड करायचा. त्यांची विहीर अकरा वर्षं कोरडी होती आणि पंकजाने ती कोरडीच रंगवली होती.

"आमच्या हिरीत पानी न्हाई म्हून आमचा लोगो बी न्हाई का गं?"

"तसं नाही हो मावशी."

"मग कसं? चित्र काढताना कोरडी चालती, पट्टीत न्हाई चालत?"

दुपारपर्यंत बाकीचे विहीरमालक येऊन गेले. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं: एकतर पट्टीत घ्या, नाहीतर विहीर परत करा. पंकजाने गणित मांडलं. सगळ्यांनी आपापल्या विहिरी काढून घेतल्या तर तिच्याकडे फक्त घरची विहीर उरत होती, तीही दोन चित्रांत. दोन चित्रांवर कोणी भिंत देत नाही. तात्यांना धरून सतरा लोगो घ्यायचे ठरले.

पण बाकीच्या सोळा जणांकडे लोगो होता कुठे? पंकजाने तौसीफला फोन लावला. तौसीफ तिचा शाळेतला वर्गमित्र, जामखेडमध्ये त्याचं फ्लेक्सचं दुकान.

"लोगोत काय एवढं?" तौसीफ म्हणाला. "गोल लागतो. गोल आपल्याकडं लई पडलेत. आत काय घालू?"

"ज्याचं जे काम आहे ते घाल."

"माझ्याकडं उगवता सूर्य हाय, पळता घोडा हाय आन जोडलेले हात हायेत. सगळ्या धंद्याला चालतात."

"पापडाला?"

"सूर्य. उन्हातच वाळवतात ना?"

"आणि समर्थला? तो भावी सरपंच आहे."

"त्याला घोडा. निवडून आला की हात जोडू."

भीमाने मात्र हट्टाने आपल्या गोलात गिरणीचं जातं काढून घेतलं. संध्याकाळपर्यंत सोळा लोगो तयार होऊन आले. तौसीफच्या दुकानात एक शिस्त होती. गिऱ्हाईक तीनदा बदल सांगतं आणि मग चुकून जुनीच फाईल छापली जाते, म्हणून तो शेवटच्या फाईलला 'फायनल' हे नाव द्यायचा आणि बाकी सगळं उडवायचा. त्या शिस्तीप्रमाणे सोळाही फाइलींचं नाव 'फायनल' होतं. सोळाही त्याने एकेक करून धाडल्या आणि पंकजाने एकेक करून, प्रत्येकीमागे त्या-त्या मालकाचा फोन नंबर जोडत, संकेतस्थळावर चढवल्या. शेवटची चढली आणि वीज गेली. विजेबरोबर टॉवरही गेला. निकाल बघायचा राहून गेला.

शनिवारी सकाळी तो अंगणात जमलेल्या गर्दीने तिला दाखवला. एकाच नावाच्या फाइली आल्यावर संकेतस्थळाने दर वेळी जुनी टाकून नवी ठेवली होती. भीमाची फाईल शेवटची होती. पट्टीत एक गाय होती आणि तिच्या शेजारी सोळा गिरण्या.

"भीमाला सोळा, आन आमाला शून्य?" राहीबाई कडाडल्या.

"ह्यानं काय चारलं पोरीला?" मागून कोणीतरी विचारलं.

भीमाला स्वतःलाही काही कळत नव्हतं. पण सोळा गिरण्या समोर दिसत असताना नाही म्हणणं त्याच्याच्याने होईना. "लोकांचं प्रेम हाय," तो खाली बघत म्हणाला. "मी काय करनार?"

पंकजा घराच्या मागे जाऊन तौसीफवर ओरडली, "सोळा फाइलींना एकच नाव?"

"पन सगळ्या फायनलच व्हत्या ना?" तौसीफ खरोखर गोंधळून म्हणाला.

तिने सोळा नावं बदलली, सोळा फाइली पुन्हा चढवल्या आणि पट्टी गर्दीला दाखवली. गाय, सूर्य, घोडा, हात, जातं, सूर्य, असं करत शेवटी आणखी एक घोडा. प्रत्येकाला आपापला गोल मिळाला. मग समर्थ, म्हणजे भावी सरपंच, पुढे आला. त्याचा घोडा सगळ्यात शेवटी होता.

"शेवटचा म्हंजे पडलेला उमेदवार दिसतो, ताई. विरोधक ह्याचाच फोटो काढून फिरवतील."

"अक्षरांच्या क्रमाने लावू का?" पंकजाने विचारलं.

"माझं 'स' हाय. परत शेवटीच."

"मग विहिरीच्या खोलीप्रमाणे. खोल विहीर आधी."

"मग मी पहिली," राहीबाई म्हणाल्या.

"कोरड्या हिरीची खोली कसली मोजता?" भीमा उसळला. "पान्याची खोली धरा!"

"पान्याची धरली तर वैशाखात तू पन माझ्याच रांगेत येशील, भीमा."

विहिरीच्या वयाप्रमाणे, पायऱ्यांप्रमाणे, घेराप्रमाणे, असे आणखी तीन क्रम निघाले आणि तीनही मोडले. पंकजा घड्याळाकडे बघत होती. उद्या अकरा वाजता पुण्याची समिती पान उघडणार, आणि इथे पायऱ्या मोजायचं चाललं होतं. शेवटी भीमाने वैतागून टोमणा मारला, "मग आता काय, सामाईक हिरीवानी पाळ्या लावता का?"

तो टोमणा होता, पण सगळ्यांना तो पटला.

सामाईक विहिरीवर मोटार पाळीने चालते. आज थोरल्या भावाचं शेत भिजतं, उद्या मधल्याचं, परवा धाकट्याचं. पहिला कोण, असं तिथे कोणी विचारत नाही, कारण उद्या तो पहिला नसतो.

"बरोबर हाय," तात्या म्हणाले, जणू त्यांनीच सुचवलं होतं. "दर टायमाला एकेकानं पुढं सरकायचं. जमतं का गं तुज्या कंप्यूटरला?"

जमत होतं. पान एकदा उघडलं की पट्टी एक घर पुढे सरकेल, पहिला जाऊन शेवटी बसेल.

"पुन्याला बी पाळीत घे," राहीबाईंनी बजावलं. "ते काय आभाळातनं पडलेत का?"

दालनाचा आणि मोबाईलवरचे दोन असे तीन धरून वीस लोगो पाळीत बसले. दुपारी पंकजाने ते काम केलं, पान वीस वेळा उघडलं, आणि वीसही जण बरोबर एकदा पहिले आले. गावात शांतता पसरली. ज्याने-त्याने आपला लोगो पहिला येईपर्यंत पानाची उघडझाप केली, पहिला आला की त्याचा फोटो काढला आणि स्टेटसला लावला. शनिवारी दिवस मावळेपर्यंत गावात सतरा जण पहिले आले होते.

रविवारी अकराला पंकजा ओसरीवर मोबाईल मांडीवर घेऊन बसली. अकरा वाजून काही मिनिटं झाली आणि फोन वाजला. तिचा नाही, तात्यांचा.

"हॅलो. व्हय, मीच चेअरमन... दालन? न्हाई, न्हाई, दूध... तुमी काय दाबलं?... गोल दाबला? दाबा की, दाबायलाच ठेवलाय."

पंकजाने मोबाईलवर पान उघडलं आणि भीमाचं जातं दाबलं. फोन राहीबाईंच्या नावाने लागायला लागला. तिने तो घाईने कापला. काय झालं ते तिला क्षणात कळलं. लोगो सरकत होते, त्यांच्यामागचे दुवे जागच्या जागी होते. काल तिने क्रम वीस वेळा तपासला होता. दाबून एकदाही पाहिलं नव्हतं. समितीतले लोक आपल्या दालनाचा लोगो दाबत होते, आणि त्या घराच्या मागे ज्याचा नंबर असेल त्याला फोन लागत होता.

"तात्या, फोन द्या इकडं!"

तात्यांनी हाताने तिला थांबवलं. चेअरमनचा फोन मधेच कोणी घेत नाही. "पोरगी लई हुशार हाय आमची. चित्रं बघितली का? दुसरं आमच्या हिरीचं हाय, पानी बघा त्यात... आन पट्टीत तुमी कितवे?... तिसरे? मग असं करा सायेब, ते बंद करून परत उघडा. आता?... दुसरे ना? अजून एकदा... झाले का पहिले?" तात्या प्रसन्न हसले. "आमच्याकडं असंच हाय. सगळ्यांना पाळी. कुनी रुसायचं कामच न्हाई."

तेवढ्यात भीमा मोटारसायकलवरून आला. "पंकजा, पुन्याचा एक मानूस मला इचारतोय, निवड समिती हाय का. मी म्हनलं ज्वारी हाय, बाजरी हाय, समिती न्हाई दळत आमी. तरी ठेवीना फोन."

"मग काय केलंत?"

"काय करनार? कितवा दिसतोय इचारलं. सातवा म्हनला. त्याला म्हनलं उघडझाप कर. पहिला आल्यावरच ठेवला त्यानं."

राहीबाईंचा निरोपही आला. त्यांना एका बाईंचा फोन आला होता. त्यांनी त्या बाईंना पहिलं आणलं आणि वर दोन किलो उडदाच्या पापडांची ऑर्डर घेतली.

पंकजाने मोबाईल उलटा ठेवला. अठ्ठावीस चित्रं, सहा वर्षं, चार अर्ज. शेवटच्या अर्जात समितीला दूध, ज्वारी आणि पापड. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि आईने विचारल्यावर जेवण नको म्हणाली. काही वेळाने तिचा स्वतःचा फोन वाजला. दालनाच्या संचालक आगाशेबाई बोलत होत्या.

"मॅडम, दुव्यांची चूक माझीच आहे," पंकजाने आधीच सुरुवात केली. "लोगो सरकवताना मी..."

"चुकीचं नंतर बघू. मला एवढंच सांगा, ती पट्टी सरकते कशी?"

"पट्टी?"

"हो. आमचे सहा प्रायोजक आहेत. निमंत्रणावर पहिलं नाव कोणाचं, यावरून ते भांडतात. या भांडणापायी दोन वर्षं आमच्याकडे एकही प्रदर्शन झालं नाही."

"पण मॅडम, मला तर तीनदा नकार आला."

"सगळ्यांनाच पाठवले. भिंत रिकामीच आहे." आगाशेबाईंनी उसासा टाकला. "समितीत त्यांतलेच तिघे आहेत. आज त्या तिघांना एकेक करून कोणीतरी फोनवरून पहिलं आणलं. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. एकजण अजून पान उघडतोय."

"आणि चित्रं?" पंकजाने दबक्या आवाजात विचारलं.

"चित्रं कसली? हां, विहिरी! चांगल्या आहेत. प्रदर्शन तुम्हालाच द्यायचं ठरलं आहे. एकमताने. दोन वर्षांत पहिल्यांदा."

पंकजा चुलीपासून उठून उभी राहिली. आईने न विचारता ताट वाढायला घेतलं.

"फक्त एक अडचण आहे," आगाशेबाई पुढे म्हणाल्या. "सहाच जणांत पाळी फिरवली तर हे लोक दिवस मोजत बसतील. तुमच्या गावच्या सतरा लोकांत मिसळून फिरवली तर चालेल का? तेवीस जणांत आपण कितवे, हे कोणाच्या लक्षात राहणार नाही."

चालणार होतं. गावाने विचारण्याआधीच होकार दिला.

प्रदर्शनात लोगो मोठ्या भिंतीवरच लावायचे ठरले, म्हणजे ते छापायला हवे होते. तौसीफने तेवीस गोल पाठीला जाड पुठ्ठा लावून कापले, सगळे एका मापाचे, म्हणजे कोणाचं डोकं मोठं नको. दालनाने खिळ्यांची एक रांग ठोकली. रोज सकाळी शिपाई प्रत्येक लोगो एक खिळा पुढे सरकवणार होता. दोन्ही बाजूंची एक बैठक झाली. पुण्याच्या प्रायोजकांनी एक अट घातली आणि गावाने ती लगेच उचलून धरली: लोगोंच्या वर किंवा खाली काहीही लावायचं नाही, कारण मग वरचा कोण आणि खालचा कोण हा प्रश्न येतो. आजूबाजूला काय लावायचं ते पंकजाने ठरवावं. तात्यांनी पुण्याच्या एका उद्योगपतीच्या पाठीवर थाप मारली आणि दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले.

डिसेंबरमध्ये, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, गाव टेम्पोने पुण्यात पोहोचलं. मागच्या बाजूला अठ्ठावीस चित्रं गोधड्यांत गुंडाळून ठेवली होती. सगळेजण आपापला गोल शोधायला आत गेले आणि पंकजाने पर्समधून मोजपट्टी काढली.

भिंत चाळीस फूट भरली. लोगो तेवीस, प्रत्येक एक फूट रुंद, दर दोघांमध्ये चार इंच मोकळे. पट्टी तीस फूट चार इंच झाली. उरले नऊ फूट आठ इंच. चित्रं प्रत्येकी तीन फूट रुंद होती.

तीन बसली.